एका सिस्टरच्या वाट्याला किती पेशंट?

मे २०२२ मध्ये कंत्राटी भरतीच्या विरोधात राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या. तेव्हा टपरीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एकच सूर होता: सरकारी पगार घेतात आणि वर संप करतात. परिचारिकांच्या मागण्यांमध्ये 'रिक्त पदे भरा' अशी एक ओळ दर वेळी असते. भत्ते, बढत्या, बदल्या यांच्या रांगेतली आणखी एक म्हणून आपण ती वाचतो आणि पान उलटतो.

खरं तर ती ओळ पेशंटची आहे. वॉर्डात एका वेळी किती सिस्टर हजर आहेत, यावर तिथला माणूस घरी चालत जाणार की शववाहिकेतून, हे काही अंशी ठरतं. ते किती अंशी ठरतं, हे मोजून दाखवण्यात एका बाईंनी आपली जवळजवळ सगळी कारकीर्द घातली. जळगाव-धुळ्याच्या सिव्हिलशी त्यांचा काहीही संबंध नाही. पण आपल्याकडचे वॉर्ड समजून घ्यायचे तर त्यांचे आकडे फार कामाला येतात.

आधी नर्स, मग समाजशास्त्रज्ञ

लिंडा एकेन अमेरिकेच्या. फ्लोरिडा विद्यापीठात त्या नर्सिंग शिकल्या, रुग्णालयात काम केलं आणि मग टेक्सास विद्यापीठात समाजशास्त्रात पीएच.डी. केली. आपल्याकडे सिस्टर पुढे शिकते ती बहुधा ट्यूटर किंवा मेट्रन होण्यासाठी. एकेन यांनी मात्र माणसांचे मोठे समूह मोजायची विद्या उचलली. पुढे बरीच वर्षं त्या रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनमध्ये होत्या. आरोग्यावरच्या संशोधनाला आणि योजनांना पैसा पुरवणारी ही मोठी संस्था. म्हणजे पैसा मागणाऱ्यांच्या रांगेत न बसता त्या देणाऱ्यांच्या टेबलावर बसल्या, आणि कोणता पुरावा दाखवला की सरकार हलतं हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं. १९८०च्या दशकाच्या शेवटी त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आल्या आणि आरोग्यसेवेचे परिणाम व धोरण यांवर काम करणारं संशोधन केंद्र त्यांनी उभं केलं.

त्यांच्या विषयाला नर्सिंग धोरण म्हणतात. किती नर्स हव्यात, त्यांचं शिक्षण काय असावं, त्यांना कशाचा अधिकार असावा आणि पैसे कुणी मोजायचे, एवढे चार प्रश्न त्यात येतात. बाकी सगळी टिपणं आणि शासन निर्णय याच चार प्रश्नांभोवती फिरतात.

त्यांचं एक गाजलेलं काम १९९४चं. नर्स टिकत नाहीत अशी ओरड अमेरिकेत तेव्हाही होती. तरीही काही रुग्णालयं अशी होती की तिथल्या नर्स सोडून जात नसत, उलट बाहेरच्या तिथे यायला बघत. लोहचुंबकासारखी ओढतात म्हणून त्यांना 'मॅग्नेट' रुग्णालयं हे नाव पडलेलं. एकेन यांनी अशी ३९ रुग्णालयं घेतली, त्यांच्याच जोडीची दुसरी १९५ शोधली आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्या पेशंटचे मृत्यू ताडून पाहिले. पेशंटच्या आजारपणातला फरक हिशेबातून काढला तरी मॅग्नेट रुग्णालयांत मृत्युदर ४.६ टक्क्यांनी कमी निघाला. जिथे नर्स टिकतात तिथे पेशंटही टिकतात, असा त्याचा सरळ अर्थ. पण नर्सच्या कामातलं नेमकं काय पेशंटला वाचवतं, ते यातून कळत नव्हतं.

सरकारी रजिस्टर बाजूला ठेवून

यापुढची त्यांची युक्ती मला त्यांच्या सगळ्या निष्कर्षांपेक्षा जास्त आवडते. 'तुमच्याकडे किती नर्स आहेत?' असं रुग्णालयाला विचारलं की ते मंजूर पदं सांगणार, नाहीतर पगारपत्रक दाखवणार. त्यात रजेवरची असते, प्रशिक्षणाला गेलेली असते आणि ऑफिसात बसून आकडे भरणारीही असते.

एकेन यांच्या चमूने १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याच्या नोंदणी यादीतून निम्म्या नर्स निवडल्या आणि थेट त्यांच्या घरच्या पत्त्यावर प्रश्नावल्या पाठवल्या. रुग्णालयाचा मधे हात नाही, मेट्रनची सही नाही. प्रश्न साधा होता: तुमच्या शेवटच्या ड्युटीत तुमच्याकडे किती पेशंट होते? तुम्ही कुठे काम करता? अशा १०,१८४ नर्सची उत्तरं १६८ रुग्णालयांत वाटली गेली. मग त्याच रुग्णालयांत ऑपरेशन झालेल्या २,३२,३४२ पेशंटच्या नोंदी घेतल्या आणि दोन्ही चवडी शेजारी शेजारी ठेवल्या.

निकाल २००२ मध्ये छापून आला. एका नर्सच्या वाट्याला सरासरी एक पेशंट वाढला की पेशंट तीस दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते.

७ टक्के म्हणजे शंभरातले सात का?

नाही, आणि इथे बरेच जण फसतात. त्या अभ्यासात तीस दिवसांत दगावलेले पेशंट एकूण २ टक्के होते, म्हणजे हजारात वीस. ७ टक्क्यांची वाढ त्या विसावर चढते. ऐकायला किरकोळ वाटते. पण ती दर पेशंटमागे चढत जाते. एका ठिकाणी नर्सकडे चार पेशंट असतील आणि दुसऱ्या ठिकाणी आठ, तर फरक ३१ टक्क्यांचा होतो. पहिल्या ठिकाणी हजारात वीस गेले, तर दुसऱ्या ठिकाणी साधारण सव्वीस. ही वरची सहा माणसं ऑपरेशन बिघडल्यामुळे गेली असं कुणी म्हणणार नाही. त्यांच्या मृत्यूच्या कागदावर 'सिस्टर कमी होत्या' असंही कुठे लिहिलेलं सापडणार नाही.

त्याच अभ्यासात नर्सचाही हिशेब होता. पेशंट एकाने वाढला की नर्स कामाने पार पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढत होती, आणि नोकरीला वैतागण्याची १५ टक्क्यांनी. अशी नर्स नोकरी सोडते. मग उरलेल्यांच्या वाट्याला आणखी पेशंट येतात.

'औषध डॉक्टर लिहितो, सिस्टर तर नुसती देते'

हा आक्षेप आपल्याकडे हमखास येतो, म्हणून जरा थांबून एक वॉर्ड बघू.

पावसाळ्याची रात्र. सातपुड्याच्या पायथ्याचं तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय. रात्री अकराला जीपमधून एक जण येतो. घरात खाली गोधडीवर झोपला होता, काहीतरी चावलं. दंशाची खूण जेमतेम दिसते, सूज नाही. नातेवाईक म्हणतात, उंदीर असेल. डॉक्टर तपासतात, सलाईन लावायला सांगतात, लक्ष ठेवा म्हणतात आणि तिकडे लेबर रूममध्ये जातात.

'लक्ष ठेवा' या दोन शब्दांतच सगळं काम आहे. चावलेली मण्यार असेल तर तिचा दंश दुखत नाही, सुजत नाही आणि कधीकधी दिसतही नाही. विष नसांवर चढतं, तेही काही तासांनी. आधी पापण्या जड होतात. मग बोबडं बोलणं, गिळायला त्रास, आणि त्यानंतर श्वास. तो माणूस झोपेला आलाय की त्याच्या पापण्या पडताहेत, हे लांबून कळत नाही. जवळ जाऊन 'भाऊ, डोळे उघडा, वर बघा, एका दमात आकडे म्हणा बरं' असं म्हणावं लागतं. मघाशी पंचवीसपर्यंत गेला होता आणि आता बारालाच दम तुटतो, तर डॉक्टरांना लगेच उठवायचं. हे दर पंधरा मिनिटांनी. सर्पविषावरची लस सुरू केली असेल तर तिची रिॲक्शन येतेय का, यासाठी पहिल्या काही मिनिटांत हलताच येत नाही.

त्याच वेळी एक बाळंतीण बाहेर आणली जाते. पहिले दोन तास धोक्याचे. दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे की सैल पडलंय ते बघायचं, रक्तस्राव बघायचा, नाडी मोजायची. आणि कोपऱ्यात न्यूमोनियाचं एक पोर, ऑक्सिजनवर. त्याच्या बरगड्या श्वासागणिक आत जाताहेत का, तेही असंच बघायचं.

प्रत्येकाला चार मिनिटं धरली तर तिघांत बारा मिनिटं गेली. पंधरातली तीन उरली. त्या तीन मिनिटांत बाकीचे सत्तावीस पेशंट, संपलेलं सलाईन, बाराचं इंजेक्शन, केसपेपर, आणि रेफर करायच्या पेशंटसाठी १०८ ला फोन. सिस्टर एकच असेल तर ती काहीतरी सोडणार. आळसाने सोडत नाही. तिला रोज रात्री निवडावंच लागतं.

संशोधनात याला 'वाचवण्यात अपयश' असं नाव आहे. ऑपरेशननंतर किंवा उपचार सुरू असताना काहीतरी गुंतागुंत होते, आणि ती वेळेत ध्यानात न आल्याने पेशंट जातो. पेनसिल्व्हेनियाच्या त्या पेशंटपैकी २३ टक्क्यांना काही ना काही मोठी गुंतागुंत झाली होती. चांगल्या रुग्णालयांतही गुंतागुंत होतेच. फरक पडतो तो त्यातून किती जण सुटतात यात, आणि तिथेही नर्समागे एक पेशंट वाढला की तोच ७ टक्क्यांचा आकडा निघाला.

ज्याने रात्रीच्या लाईटवर शेताला पाणी भरलंय, त्याला हे सांगायची गरज नाही. बारे फुटतातच. उंदराचं बीळ असतं, माती भुसभुशीत असते, त्यावर कुणाचा इलाज नसतो. भरणाऱ्या माणसाकडे पाच-सहा वाफे असले तर पाणी झिरपायला लागलं की त्याला दिसतं, फावड्याने दोन ढेकळं लावली की काम झालं. त्याच माणसाला वीस वाफे दिले तर बारं तितक्याच वेळा फुटेल, पण हा तिथे पोहोचेपर्यंत निम्मं रान वाहून गेलेलं असेल.

'मोठ्या रुग्णालयात सगळंच चांगलं असतं, श्रेय नर्सलाच का?'

हा आक्षेप रास्त आहे. नर्स जास्त असलेल्या रुग्णालयात मशिनंही चांगली असतात, डॉक्टरही जास्त असतात, पेशंटही बरा खाऊन-पिऊन आलेला असतो. एकेन यांच्या हिशेबात रुग्णालयाचा आकार, तिथलं तंत्रज्ञान, ते शिकवणारं रुग्णालय आहे का, पेशंटचं वय आणि त्याचे बाकीचे आजार हे सगळं धरलं होतं. तरीही एकाच वेळी काढलेल्या फोटोवरून कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे शंभर टक्के सांगता येत नाही. त्यासाठी आधीचा आणि नंतरचा, असे दोन फोटो लागतात.

ती संधी ऑस्ट्रेलियात मिळाली. क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये काही सरकारी रुग्णालयांना बंधन घातलं: दिवसा सरासरी चार पेशंटमागे एक नर्स, रात्री सातांमागे एक. एकेन यांच्या केंद्रातल्या संशोधकांनी ही २७ रुग्णालयं आणि बंधन नसलेली २८ रुग्णालयं, नियम येण्याआधी आणि दोन वर्षांनी तपासली. बंधन घातलेल्या ठिकाणी मृत्यूची शक्यता जवळपास ११ टक्क्यांनी घटली. दुसरीकडे दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. मुख्य संशोधक मॅथ्यू मॅकह्यू होते, एकेन सहलेखक. २०२१ मध्ये हे छापून आलं.

कॅलिफोर्नियाने तर १९९९ मध्येच कायदा करून ठेवला होता. तो २००४ मध्ये लागू झाला. साध्या वॉर्डात आधी सहा पेशंटमागे एक नर्स, पुढच्या वर्षीपासून पाचांमागे एक, आयसीयूत दोघांमागे एक. त्यात मेख अशी की हे प्रमाण प्रत्येक क्षणी राखायचं. नर्स जेवायला गेली तरी तिच्या जागी दुसरी हवी. एकेन यांनी २०१० मध्ये हिशेब मांडला की न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात कॅलिफोर्नियाइतक्याच नर्स असत्या, तर ऑपरेशनच्या पेशंटचे मृत्यू अनुक्रमे १३.९ आणि १०.६ टक्क्यांनी कमी झाले असते.

'हे सगळं श्रीमंत देशांचं'

युरोपातल्या नऊ देशांत हाच अभ्यास झाला, ३०० रुग्णालयं आणि सव्वाचार लाखांच्या आसपास पेशंट. २०१४चा निकाल पुन्हा ७ टक्के. पण तिथेही पैसा आहे, हे खरं.

आपल्यासाठी जास्त कामाचा देश चिली. सरकारी रुग्णालयांवर गर्दी, खासगीत जरा बरं, हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. एकेन यांच्याच चमूने तिथल्या ४० रुग्णालयांचा अभ्यास २०२१ मध्ये छापला. सरकारी रुग्णालयात एका नर्सकडे सरासरी १४ पेशंट होते, खासगीत ८. काही सरकारी ठिकाणी २४ पर्यंत. एक पेशंट वाढला की मृत्यूची शक्यता ४ टक्क्यांनी वाढत होती. आकडा सातावरून चारावर आला म्हणून कुणी हायसं वाटून घेऊ नये. चौदांच्या जागी चोवीस झाले की चार टक्के दहा वेळा चढतात.

पाचांमागे एक, आणि रात्री तिसांमागे एक

भारतातही निकष आहेत. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष शिकवणाऱ्या रुग्णालयात तीनांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाचांमागे एक नर्स सांगतात, वर रजेसाठी ३० टक्के जादा. हे वाचून वाटतं की आपण अमेरिकेच्या बरोबरीने आहोत की. इथे पेन घेऊन बसायला हवं.

तीस खाटांचा वॉर्ड. 'पाच खाटांमागे एक' याचा अर्थ कुणी 'तीस खाटांना सहा जागा' असा लावला, तर काय होतं? सहा सिस्टर, प्रत्येकीच्या आठवड्याला सहा ड्युट्या, म्हणजे एकूण ३६. आठवड्यात पाळ्या २१. एका पाळीला पावणेदोनही येत नाहीत, आणि अजून कुणी आजारी पडलेलं नाही, कुणाच्या घरी लग्न नाही. दिवसा दोघी लावल्या की रात्री एकटीच उरते. तीस खाटांना एक. जमिनीवर गाद्या टाकल्या असतील तर त्या वेगळ्या.

आता उलटा हिशेब करा. प्रत्येक पाळीत खरोखर पाचांमागे एक सिस्टर उभी हवी असेल तर एका वेळी सहा लागतात. २१ पाळ्यांच्या १२६ ड्युट्या झाल्या. भागिले सहा, २१ सिस्टर. रजेचे ३० टक्के धरले की सत्तावीस-अठ्ठावीस. सहा आणि अठ्ठावीस, दोन्ही आकडे एकाच 'पाचांमागे एक' या ओळीतून निघतात. म्हणून कुठलाही निकष कानावर पडला की पहिला प्रश्न हा विचारावा: हे मंजूर जागांचं बोलताय की ड्युटीवर हजर असलेल्यांचं? एकेन यांनी नर्सच्या घरी पत्र पाठवलं ते याचसाठी, आणि कॅलिफोर्नियाने कायद्यात 'प्रत्येक क्षणी' लिहिलं तेही याचसाठी.

मग आपले वॉर्ड चालतात कसे?

नातेवाईकांवर. याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

खान्देशात पेशंट दवाखान्यात एकटा जात नाही. बरोबर बायको, भाऊ, आत्या, डबा, पाण्याची कॅन आणि उशाला लावायची पिशवी असं बिऱ्हाड येतं. रात्री खाटेखाली चादर टाकून कुणीतरी झोपतं. सलाईन संपत आलं की तेच उठतं. पेशंटला कुशीवर वळवणं, लघवीचं भांडं, कपाळावर ओली पट्टी, सगळं त्यांच्याकडे. आणि बिघाड सगळ्यात आधी बहुतेक वेळा त्यांनाच कळतो. रात्री दोनला एखादी म्हातारी टेबलापाशी येऊन म्हणते, "सिस्टर माय, त्यासना हात थंडा पडी गया वं." आपल्याकडची ही धोक्याची घंटा. ती फुकट आहे आणि तिची नोंद कुठल्याच रजिस्टरला नाही.

आपलं माणूस उशाशी असणं चांगलंच, त्याला पर्याय नाही. पण हात थंड पडणं ही उशिराची खूण आहे. नाडी वाढते, श्वास जलद होतो, लघवी कमी होते, हे सगळं त्याच्या तास-दोन तास आधी घडत असतं आणि ते ओळखायला शिक्षण लागतं. म्हातारीला माया असते, चार्ट नसतो.

करोनात ही आडोशाची भिंत अचानक पडली. वॉर्डात नातेवाईकांना मज्जाव झाला. जून २०२० मध्ये जळगावच्या कोविड रुग्णालयात ८२ वर्षांची एक बाई बेपत्ता झाली आणि आठ दिवसांनी तिचा मृतदेह तिथल्याच शौचालयात सापडला. राज्यभर गाजलेली ही बातमी. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित केलं गेलं. दोष कुणाचा किती, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही आणि एका कारणावर ते ढकलणंही बरोबर नाही. पण एरवी तिच्या खाटेपाशी सून किंवा नात असती, तर ती उठून गेली आणि परत आली नाही हे दहाव्या मिनिटाला कळलं असतं. नातेवाईक बाजूला काढल्यावर वॉर्डात बघणारं माणूस किती उरतं, ते त्या महिन्यांत उघडं पडलं.

'मग मदतनीस वाढवा, स्वस्तात काम होईल'

ही सूचना सरकारी बैठकांत नेहमी येते. मावशी आणि मामा वाढवावेत, याबद्दल दुमत नाही. आजही कित्येक ठिकाणी स्ट्रेचर ढकलायलाही माणूस नसतो. प्रश्न आहे तो नर्स काढून तिच्या जागी मदतनीस लावण्याचा. २०१७ मध्ये एकेन यांनी युरोपातल्या सहा देशांचे आकडे मांडले. दर २५ पेशंटमागे एक प्रशिक्षित नर्स कमी करून तिच्या जागी मदतनीस आणला, तर मृत्यूची शक्यता २१ टक्क्यांनी वाढलेली दिसली. मदतनीस चादर बदलेल, पेशंटला प्रेमाने भरवेलही. पापण्या जड झाल्या तर काय समजायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

शिक्षणाबद्दलचा त्यांचा २००३चा निष्कर्ष आपल्याकडे जपून वाचावा लागतो. पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की मृत्यूची शक्यता ५ टक्क्यांनी घटते, असं त्यात दिसलं. त्यावरून कुणी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या, सिस्टरांना कमी लेखायला लागला तर तो आकड्याचा गैरवापर आहे. आपल्या ग्रामीण रुग्णालयांचा गाडा जीएनएम आणि एएनएम (सहाय्यक परिचारिका) झालेल्या बायकांनीच ओढलाय, आणि अमेरिकेतली डिप्लोमा-पदवीची दरी इथे जशीच्या तशी बसत नाही. ज्यांना पुढे शिकायचंय त्यांना पगारी रजा द्या, एवढा अर्थ मी त्यातून घेतो.

'एवढ्या नर्स आणायच्या कुठून, आणि पैसा?'

नर्स इथूनच बाहेर जातात. धडगाव-अक्कलकुव्यापासून चोपडा-रावेरपर्यंतच्या मुली नर्सिंग शिकतात आणि सुरत, नाशिक, पुणे, मुंबई गाठतात. काही जणी आखाती देशांत जातात. सुरत तर नंदुरबारला गाडीने जवळ, पेशंटही तिकडेच पळतात. अकरा महिन्यांच्या करारावर, एकटीने तीस पेशंट सांभाळत, ऑर्डर पुन्हा निघेल की नाही या टांगणीवर कोण थांबेल? मॅग्नेट रुग्णालयांनी नर्स धरून ठेवल्या त्या नुसत्या पगारावर नव्हे. हाताखाली पुरेशी माणसं असणं, मेट्रन पाठीशी उभी राहणं आणि डॉक्टरने सिस्टरचं म्हणणं ऐकून घेणं, या तीन गोष्टी तिथे होत्या. त्यातल्या शेवटच्या दोन फुकट आहेत. हे लिहिताना मला काही मोठे डॉक्टर डोळ्यांसमोर येतात, पण असो.

पैशाचं उत्तर क्वीन्सलँडने दिलंय. नर्स वाढवायला जो खर्च आला त्याच्या दुपटीहून जास्त बचत झाली, कारण पेशंट लवकर घरी गेले आणि परत दाखल होणारे घटले. आपल्याकडे ही बचत थेट सरकारच्या खात्यात दिसणार नाही, कारण आजारपणाचा मोठा खर्च पेशंटच्या घरातून जातो. बुडालेली मजुरी, जळगावहून मुंबईला नेलेली ॲम्ब्युलन्स, त्यासाठी गहाण पडलेली पोत. अर्थखात्याला ही बचत कागदावर कशी दाखवायची, हा आपल्या विद्यापीठांनी हाती घ्यावा असा विषय आहे. अमेरिकेचं जसंच्या तसं उचलायची गरज नाही, पण नर्सच्या घरी प्रश्नावली पाठवायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

आपण काय विचारू शकतो

इंग्लंडमध्ये २०१४पासून सरकारी रुग्णालयांना वॉर्डाच्या दारावर फलक लावावा लागतो: या पाळीत किती नर्स हव्यात आणि किती आहेत. आपल्याकडे असा फलक नाही, पण माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय यांच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने.

'आपल्याकडे किती परिचारिका आहेत?' असं अजिबात विचारू नका. मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं असा तक्ता येईल आणि तुम्ही होतात तिथेच राहाल. एखादा महिना निवडा, पावसाळ्यातला असेल तर उत्तम. त्या महिन्याचं प्रत्येक वॉर्डाचं परिचारिकांचं ड्युटीपत्रक मागा आणि त्याच दिवसांचे रात्री बाराच्या मोजणीचे दाखल रुग्णांचे आकडे मागा. प्रशिक्षणार्थी विद्यार्थिनी वेगळ्या दाखवायला सांगा, नाहीतर त्यांचीही गणती सिस्टरांत होते. आणि रात्रपाळीचा रकाना स्वतंत्र मागा. दिवसाच्या आणि रात्रीच्या आकड्यांची सरासरी काढून दिली, की रात्रीची ती एकटी सिस्टर त्या सरासरीत दिसेनाशी होते.